पोर्शे ९१७ आणि ९११ जीटी३ आरएस : अश्वशक्ती जवळपास तेवढीच, मग पन्नास वर्षांत बदलले काय?

धागाकर्ता :

नोकरीनिमित्त मी काही वर्षांपासून श्टुटगार्टजवळ राहतो. पुण्यामुंबईहून पाहुणे आले की त्सुफेनहाउझेनच्या पोर्शे संग्रहालयाची फेरी ठरलेली असते, आणि प्रत्येक फेरीत माझे पाय शेवटी ९१७ या जुन्या शर्यतीच्या गाडीपाशी येऊन थांबतात. मागच्या महिन्यात तिच्यासमोर अर्धा तास काढून बाहेर पडलो, तर चौकात सिग्नलला नवी ९११ जीटी३ आरएस उभी होती. मागे रीतसर नंबरप्लेट होती आणि चालकाशेजारच्या सीटवर किराणा सामानाची पिशवी. एकाच कारखान्याच्या, अर्ध्या शतकाचे अंतर असलेल्या दोन गाड्या मी दहा मिनिटांच्या आत पाहिल्या. तेव्हापासून डोक्यात घोळत असलेला विचार येथे मांडतो आहे.

१९७० साली फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या ९१७ मध्ये ४.५ लिटरचे, बारा सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन होते आणि त्याची ताकद सुमारे ५८० अश्वशक्ती होती. २०२२ साली आलेल्या जीटी३ आरएसमध्ये ४ लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन आहे आणि त्याची ताकद ५२५ अश्वशक्ती आहे. टर्बो दोन्हींत नाही. म्हणजे नुसत्या ताकदीचा हिशेब मांडला तर पन्नास वर्षांत नवी गाडी पुढे गेलेलीच नाही. वजनाचे पाहावे तर जुनी गाडी ८०० किलोंच्या आसपास आणि नवी १,४५० किलोंची आहे. जुनीच्या एका अश्वशक्तीच्या वाट्याला १.४ किलो वजन येत होते, नवीच्या वाट्याला बरोबर दुप्पट, २.८ किलो येते. ९१७ ची लांब शेपटीची आवृत्ती १९७१ साली ल माँच्या सरळ पट्ट्यावर ताशी ३८० किलोमीटरच्या पुढे जात होती. जीटी३ आरएसचा कमाल वेग २९६ आहे.

असे असूनही, वळणावळणाच्या रस्त्यावर आपल्यासारख्या सामान्य चालकाच्या हाती दोन्ही गाड्या दिल्या, तर नवी गाडी पुष्कळ आधी पोहोचेल याबद्दल मला शंका नाही. माझ्या मते याचे उत्तर इंजिनात शोधून सापडणार नाही, ते हवेत आहे. जीटी३ आरएस ताशी २८५ किलोमीटर वेगाने धावते तेव्हा तिच्यावरून वाहणारी हवा तिला ८६० किलोंच्या जोराने रस्त्यावर दाबून धरते. ९१७ पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हा त्याच वेगाला हवा तिचा मागचा भाग उचलून धरत होती. एवढ्या एका वाक्यात मला पन्नास वर्षांचा सगळा इतिहास दिसतो. जाणकारांनी यात भर घालावी, आणि चुकत असल्यास जरूर सांगावे.

प्रतिसाद १ :

विषय आवडला, परंतु तुलनेच्या पायाबद्दलच मला आक्षेप आहे. एक गाडी केवळ शर्यतीसाठी बनवलेली आणि दुसरी नोंदणी करून रस्त्यावर चालवण्याची. ९१७ ची तुलना करायचीच असेल, तर ती आज ल माँला धावणाऱ्या गाड्यांशी करावी. पैलवानाची कुस्ती पैलवानाशीच लावली पाहिजे.

धागाकर्ता :

आक्षेप योग्य आहे, मात्र ९१७ चा जन्म ज्या नियमातून झाला तो पाहिला तर ही सीमारेषा वाटते तितकी ठळक राहत नाही. त्या काळी पाच लिटरपर्यंतच्या इंजिनाची गाडी ‘स्पोर्ट्स कार’ या गटात उतरवायची असेल, तर तशा किमान पंचवीस गाड्या बनवून दाखवाव्या लागत. कोणी शर्यतीसाठी एकदम पंचवीस महागड्या गाड्या बांधणार नाही, असा नियम करणाऱ्यांचा होरा असावा. पोर्शेच्या विकास विभागाचे प्रमुख फर्डिनांड पिएख यांनी तो धोका पत्करला. पहिल्या तपासणीच्या वेळी बहुतेक गाड्या सुट्या भागांच्या रूपात पडलेल्या होत्या आणि अधिकाऱ्यांनी त्या मोजायला नकार दिला. तेव्हा कचेरीतल्या कर्मचाऱ्यांनाही जोडणीला बसवण्यात आले आणि २१ एप्रिल १९६९ रोजी पंचवीसच्या पंचवीस गाड्या कारखान्याच्या आवारात एका रांगेत उभ्या केल्या गेल्या. त्या रांगेचे छायाचित्र आजही पाहण्यासारखे आहे.

शिवाय एक ९१७ खरोखरच रस्त्यावर आली होती. काउंट रोसी नावाच्या इटालियन गृहस्थांनी १९७५ साली एक ९१७ रस्त्याच्या नियमांत बसेल अशी करून घेतली. तिला आरसे, दिवे, सायलेन्सर आणि आत चामड्याची बैठक बसवली. युरोपात नोंदणी मिळेना म्हणून अमेरिकेतल्या अलाबामा राज्याची नंबरप्लेट मिळवली आणि त्सुफेनहाउझेनहून थेट पॅरिसपर्यंत ती चालवत नेली. त्यामुळे ‘रस्त्यावरची ९१७’ ही कल्पना मी हवेतून काढलेली नाही.

प्रतिसाद २ :

मी पुण्यात वाहनांच्या वायुगतिकीवर, म्हणजे गाडीवरून हवा कशी वाहते या विषयावर, काम करतो. धागाकर्त्यांचा मूळ मुद्दा बरोबर आहे. थोडा विस्तार करतो, कारण ९१७ ची गोष्ट आमच्या क्षेत्रात शिकणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी नीट वाचावी अशी आहे.

१९६९ च्या ९१७ ची रचना एकाच उद्दिष्टाने केलेली होती : हवेचा अडथळा शक्य तितका कमी करायचा. ल माँला त्या वेळी जवळजवळ सहा किलोमीटरचा म्युल्सानचा सरळ पट्टा होता आणि त्याच्या मध्ये आजच्यासारखी अडवणारी वळणे नव्हती. ती १९९० साली आली. अशा पट्ट्यावर कमाल वेगालाच किंमत, म्हणून गाडीला लांब, खाली उतरत गेलेली शेपटी दिली गेली. हवा त्या उतारावरून अलगद घसरून जाई खरी, पण जाता जाता मागची चाके हलकी करी. गाडी इतकी अस्थिर होती की कारखान्याचे कसलेले चालक तिच्यात बसायला नाखूष असत. जून १९६९ मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या ट्रॅकवरच्या हजार किलोमीटरच्या शर्यतीसाठी फ्रँक गार्डनर आणि डेव्हिड पायपर यांना बाहेरून बोलवावे लागले. त्यांनी ती आठव्या क्रमांकावर आणली, हीच मोठी गोष्ट होती.

आता गंमत अशी, की हालणाऱ्या पंखांची कल्पना तेव्हाही होती. त्या ९१७ च्या शेपटीवर दोन झडपा होत्या आणि त्या मागच्या सस्पेन्शनला जोडलेल्या होत्या. चाक वरखाली झाले की झडपेचा कोन बदले. त्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये उंच पंख मोडून अपघात झाले, हालणाऱ्या पंखांवर बंदी आली, आणि ल माँपुरती ९१७ ला त्यातून सूट मिळाली. जीटी३ आरएसच्या मागच्या पंखाची वरची पट्टी आज हायड्रॉलिक्सने उघडते आणि मिटते, पुढच्या बंपरखालच्या पट्ट्याही हालतात, आणि जोरात ब्रेक दाबला की हेच पंख आडवे येऊन हवेचा ब्रेक म्हणून काम करतात. १९६९ साली जे काम लोखंडी दांड्यांनी अर्धवट केले होते, ते आज संगणक सेकंदाच्या अंशात करतो.

९१७ खरी सुधारली ती ऑक्टोबर १९६९ मध्ये, ऑस्ट्रियात त्सेल्टवेगच्या ट्रॅकवर. पोर्शेच्या गाड्या शर्यतीत उतरवणाऱ्या जॉन वायर यांच्या संघातले अभियंते जॉन हॉर्समन यांच्या एक गोष्ट लक्षात आली : गाडीच्या पुढच्या भागावर चिलटे चिरडून चिकटली होती, पण शेपटी मात्र स्वच्छ होती. चिलटे जेथे पोहोचत नव्हती, तेथे हवाही पोहोचत नव्हती. मग ट्रॅकवरच ॲल्युमिनियमचे पत्रे कापून, रिव्हेट मारून, चिकटपट्टी लावून, मागे वर चढत जाणारी आखूड शेपटी उभी करण्यात आली. गाडी फेरीला काही सेकंदांनी वेगवान झाली आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चालकांना ती आवडू लागली. १९७० साली धावलेली आखूड शेपटीची ९१७ के ती हीच. आम्ही आज वाऱ्याच्या बोगद्यात धुराच्या रेषा सोडून जे पाहतो, ते हॉर्समन यांनी मेलेल्या किड्यांच्या डागांवरून वाचले. निरीक्षण म्हणजे काय, हे नव्या मुलांना समजावताना मी हेच उदाहरण देतो.

धागाकर्ता :

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आपल्या प्रतिसादामुळे मला एक साम्य जाणवले. आखूड शेपटीमुळे ९१७ चा सरळ पट्ट्यावरचा वेग घटला, तरी शर्यती तिनेच जिंकल्या. नव्या गाडीतही तोच सौदा आहे. पंख-पट्ट्यांचा एवढा पसारा नसलेली २०२१ ची साधी जीटी३ ५१० अश्वशक्तीची असून ताशी ३१८ किलोमीटरपर्यंत जाते; आरएसला पंधरा अश्वशक्ती अधिक असूनही ती २९६ वरच थांबते. बावीस किलोमीटरचा वेग मोजून वळणावरची पकड विकत घेतली आहे. दोन्ही गाड्यांनी कमाल वेगावर पाणी सोडले आणि त्यातच त्यांचे भले झाले.

प्रतिसाद ३ :

मी अभियंता नाही, परंतु वडिलांच्या बजाज चेतकवर लहानाचा मोठा झालो आणि ती स्कूटर आजही स्वतः खोलतो. ९१७ चे इंजिन ‘हवेने थंड होणारे’ आहे, असे वर लिहिले आहे. मोटारसायकलच्या इंजिनाला समोरून वारा लागतो, तेव्हा ते समजते. पण चालकाच्या पाठीमागे, बंद अंगात बसवलेल्या बारा सिलिंडरांना वारा कसा मिळत असे?

प्रतिसाद २ चे लेखक :

उत्तर आपल्या चेतकमध्येच आहे. चेतकचे इंजिन बाजूच्या पत्र्याखाली झाकलेले असते, म्हणून फ्लायव्हीलवरच पाती बसवून पंखा केलेला असतो आणि टोपणातून तो वारा सिलिंडरच्या पाकळ्यांवर ढकलला जातो. ९१७ मध्ये तत्त्व हेच आहे. सिलिंडरांच्या दोन ओळी आडव्या झोपलेल्या, आणि त्यांच्या वर ताटासारखा सपाट ठेवलेला भला मोठा पंखा. पोर्शेचे अभियंते हान्स मेत्स्गर यांच्या या इंजिनातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग मात्र आतला आहे. बारा सिलिंडरांचा क्रँकशाफ्ट, म्हणजे सिलिंडरांची ताकद गोळा करून फिरणारा दांडा, इतका लांब होतो की ओला टॉवेल पिळावा तसा तो पिळवटला जाण्याची भीती असते; म्हणून ताकद टोकाकडून न घेता मध्यावरच्या दातेरी चक्राकडून बाहेर काढली होती, जणू सहा-सहा सिलिंडरांची दोन इंजिने पाठीला पाठ लावून बसवली आहेत.

नव्या गाडीत पाणी आहे, आणि ते केवळ सोयीसाठी आलेले नाही. सिलिंडरला चार झडपा (व्हॉल्व्ह) दिल्या की माथ्यावर इतकी दाटी होते की दोन झडपांमधल्या तापलेल्या भागापर्यंत वाऱ्याला पोहोचता येत नाही, पाण्याला येते. हे इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत जाते, त्यात या चार झडपांचा मोठा वाटा आहे.

आणि धागाकर्त्यांना दिसलेल्या किराणा सामानाच्या पिशवीचे कारणही येथेच आहे. ९११ ची डिकी पुढे असते. आरएसमध्ये त्या जागी एकच मोठा, तिरका रेडिएटर बसवला आहे, ही कल्पना कारखान्याने आपल्या शर्यतीच्या गाड्यांवरून घेतली. त्यातून तापलेली हवा बॉनेटवरच्या दोन नाकपुड्यांतून वर निघते. ही गरम हवा छतावरून जाऊन मागच्या इंजिनात शिरली तर ताकद घटेल, म्हणून छतावर उभ्या पट्ट्या लावून ती दोन्ही बाजूंना वळवली आहे. पिशवी सीटवर ठेवावी लागते, कारण डिकीत वारा भरलेला आहे.

प्रतिसाद ४ :

सर्व मान्य आहे, पण चालकाचे काय? माझे स्पष्ट मत असे आहे की ९१७ चालवायला माणूस लागत होता आणि जीटी३ आरएस चालवायला माणूस निमित्तमात्र आहे. मी एकदा येथील एका ट्रॅकवर आरएसमध्ये शेजारी बसून चार फेऱ्या मारल्या आहेत. वळणाआधी ब्रेक लागला तेव्हा पट्ट्यात माझी छाती रुतली आणि मान पुढे गेली, तरी चालक शांतपणे माझ्याशी बोलत होता. गिअर गाडी स्वतः बदलत होती. हे कौशल्य कोणाचे?

धागाकर्ता :

आपली भावना मी समजू शकतो, तरी निष्कर्षाशी सहमत होता येत नाही. १९७० च्या ल माँमध्ये ९१७ चे चालक जो सिफर्ट आघाडीवर होते. पिटसमोरून (गाड्यांच्या दुरुस्तीच्या थांब्यासमोरून) जाताना त्यांच्याकडून एक गिअर चुकला, इंजिनाचे फेरे मर्यादेपलीकडे गेले आणि इंजिन गेले. हाताची एक हालचाल काही अंशांनी चुकली, आणि कित्येक महिन्यांची मेहनत रस्त्याच्या कडेला उभी राहिली. सिफर्ट त्या काळातल्या सर्वोत्तम चालकांपैकी होते. त्यांना कौशल्य कमी होते असे कोणी म्हणणार नाही. जीटी३ आरएसची दुहेरी क्लचची गिअरपेटी इंजिनाला इजा करणारा गिअर पडूच देत नाही. त्यामुळे चालकाचे कौशल्य संपले असे नाही, त्याचे लक्ष मोकळे झाले आहे. त्या मोकळ्या लक्षाचे करायचे काय, तेही गाडीने त्याच्यावरच सोपवले आहे : स्टिअरिंगवर चार गोल बटणे आहेत आणि त्यांनी सस्पेन्शन दबताना किती घट्ट असावे, उसळताना किती, दोन्ही मागच्या चाकांत ताकद वाटणारे डिफरन्शियल किती आवळावे, चाक घसरू द्यावे की नाही, हे धावत्या गाडीत ठरवता येते. पूर्वी या गोष्टींसाठी पिटमध्ये पाने-पक्कड घेऊन मेकॅनिक खाली वाकत असत.

प्रतिसाद ५ :

एका गोष्टीचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहिते. ९१७ मध्ये चालकाचे पाय पुढच्या चाकांच्या आसाच्याही पुढे असत. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सगळा सांगाडा पन्नास किलोंच्याही आत होता. पायांच्या आणि भिंतीच्या मध्ये फायबरचा पातळ पत्रा, एवढेच काय ते संरक्षण. १९६९ च्या ल माँमध्ये जॉन वुल्फ हे स्वतःची ९१७ घेऊन उतरलेले खासगी चालक पहिल्याच फेरीत अपघातात गेले. त्या वर्षीपर्यंत चालक रस्ता ओलांडून पळत जाऊन गाडीत उडी मारत आणि सुटत. पुढच्या वर्षापासून ते पट्टे बांधून, गाडीत बसूनच सुरुवात करू लागले.

तुलना करताना आपण अश्वशक्ती, वजन, वेग मोजतो. चालक संध्याकाळी घरी पोहोचला की नाही, हाही गाडीचा गुण मानला पाहिजे, आणि त्या गुणात नवी गाडी जुन्या गाडीच्या इतकी पुढे आहे की पुढची चर्चा मला गौण वाटते.

धागाकर्ता :

आपला मुद्दा मी मूळ लेखातच मांडायला हवा होता. संग्रहालयात ९१७ च्या दारातून आत डोकावले की पॅडल किती पुढे आहेत ते दिसते, आणि दिसल्यावर माणूस नकळत एक पाऊल मागे सरतो. त्या सांगाड्याविषयी एक तपशील जोडतो. नळ्यांमध्ये दाबाखाली वायू भरलेला असे आणि एक दाबमापक त्याला जोडलेला असे. काटा खाली आला की कोठेतरी जोडाला तडा गेला आहे असे समजायचे. १९७१ साली हेल्मुट मार्को आणि खिस फान लेनेप यांनी ज्या ९१७ मधून ल माँ जिंकली तिचा सांगाडा तर मॅग्नेशियमचा होता, आणखी हलका आणि पेट घेऊ शकेल असा. त्या गाडीने २४ तासांत ५,३३५ किलोमीटर कापले आणि तो विक्रम २०१० पर्यंत टिकला. या आकड्याकडे पाहताना मला अभिमान वाटतो, आणि त्या काट्याचीही आठवण येते.

प्रतिसाद १ चे लेखक :

माझा आक्षेप मी सौम्य करतो. तरी एक शेवटची शंका : न्युर्बुर्गरिंगच्या फेरीच्या वेळेवरून ही तुलना सरळ निकाली काढता येणार नाही का?

धागाकर्ता :

येत नाही, आणि तसे आकडे शेजारी ठेवलेले दिसले तर त्यांवर विश्वास ठेवू नये. जीटी३ आरएसने ऑक्टोबर २०२२ मध्ये यॉर्ग बेर्गमाइस्टर यांच्या हाती ६ मिनिटे ४९.३२८ सेकंदांची वेळ दिली, ती २०.८ किलोमीटरच्या फेरीवर. ९१७ च्या काळात शर्यतीची फेरी २२.८ किलोमीटरची होती, आणि मधल्या काळात रस्त्याची डागडुजी होऊन कित्येक उंचवटे सपाट झाले. त्यातही १९७० साली पोर्शेच्या मुख्य संघांनी तेथे ९१७ नेलीच नाही; तेथल्या वळणांसाठी त्यांनी हलकी, लहान इंजिनाची ९०८/३ नेली. ज्या रस्त्यावर खुद्द कारखान्याला ही गाडी योग्य वाटली नाही, त्या रस्त्यावर तिची परीक्षा घेणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल.

मला पावसाची परीक्षा अधिक बोलकी वाटते. १९७० च्या ल माँला मुसळधार पाऊस झाला आणि शेवटी फक्त सात गाड्यांची गणना झाली. त्यात पहिली आलेली, हान्स हेरमान आणि रिचर्ड ॲटवुड यांची २३ क्रमांकाची लाल-पांढरी ९१७, आखूड शेपटीची आणि ४.५ लिटरच्या जुन्या इंजिनाची होती, ४.९ लिटरचे, अधिक ताकदीचे इंजिन असलेल्या गाड्या त्याच शर्यतीत मागे पडल्या किंवा बंद पडल्या. ताकदीने शर्यत ठरत नाही, हे ९१७ ने स्वतःच दाखवून दिलेले आहे.

प्रतिसाद ३ चे लेखक :

पुढच्या वर्षी मुलीकडे जर्मनीला येण्याचा विचार आहे, तेव्हा संग्रहालय नक्की पाहीन. गर्दीत नेमके काय पाहावे, तेवढे सांगाल का?

धागाकर्ता :

अवश्य या. समोरून आणि दाराशी लोक गर्दी करतात, ते ओसरेपर्यंत थांबावे. दारातून आत पाहिले की उजव्या हाताला गिअरचा दांडा दिसतो आणि त्यावर लाकडाची मूठ असते. वजनाची चिंता तेथपर्यंत गेली होती. नंतर मागच्या बाजूला यावे आणि गुडघे वाकवून डोळे शेपटीच्या कडेच्या पातळीला आणावेत. छतावरून उतरत आलेला पत्रा मागे जाता जाता पुन्हा वर उचललेला दिसेल. त्सेल्टवेगला चिलटे पोहोचत नव्हती ती जागा तीच.